बॅक बेचा शेअर आणि आपला गाळा

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)



आजचा विषय ठरला तेव्हा संयोजकांनी मला विचारलं, "सर, तुम्ही इतिहासाचे. दुकानं, ऑफिसं, गोदामं यांत पैसे कसे गुंतवावेत, हा विषय तुमच्याकडे कसा?" मी म्हटलं, अहो, मुंबईचा इतिहास शिकवायचा म्हणजे दुसरं काय शिकवायचं? या शहराचा अर्धा दक्षिण भाग व्यापारासाठी जागा हवी म्हणून समुद्रातून काढलेला आहे. इथल्या प्रत्येक मोठ्या तेजी-मंदीच्या मागे कुठेतरी जमिनीचा तुकडा सापडतोच.

आणि दुसरं कारण म्हणजे आत्ता बाहेर चहा घेताना झालेलं बोलणं. एक ताई भेटल्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. म्हणाल्या, "पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून बरी रक्कम हातात आली आहे. मुलगा म्हणतो गाळा घे, महिन्याला भाडं येत राहील. घेऊ का?" मी त्यांना सांगितलं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर व्याख्यानात देतो. तर आजचं सगळं बोलणं त्या प्रश्नाभोवतीच आहे.

मुलगा असं का म्हणतो, ते आधी बघू. आपल्याकडे राहतं घर भाड्यानं दिलं, तर त्याच्या किमतीच्या वर्षाला साधारण दोन-तीन टक्के भाडं हातात पडतं. दुकान किंवा ऑफिस दिलं तर सहा, सात, कधी आठ-नऊ टक्केसुद्धा. हा फरक ऐकला की माणूस खुर्चीत पुढे सरकतो. पण कुणी कुणाला जास्त भाडं प्रेमानं देत नाही. घराच्या भाडेकरूला डोक्यावर छप्पर हवंच असतं. दुकानाचा भाडेकरू मात्र धंदा चालला तरच राहतो, नाही चालला तर शटर ओढून जातो. त्या शटरची जोखीम मालकानं उचलायची, म्हणून भाडं जास्त. हे एवढं पक्कं लक्षात ठेवा. आता मी तुम्हाला दीडशे वर्षं मागे नेतो.

कापसाचा पैसा

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. उत्तरेकडच्या आरमारानं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या गिरण्या चालायच्या त्या मुख्यतः याच दक्षिणेच्या कापसावर. तो थांबला. मग गिरणीवाल्यांची नजर कुठे वळणार? गुजरात, खानदेश, वऱ्हाड. आणि हा सगळा माल बाहेर पडायचा तो मुंबई बंदरातून. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, त्यामुळे देशावरचा मालही वेगानं खाली येऊ लागला.

कापसाचे भाव असे चढले, की लोकांनी गाद्या-उशा उसवून त्यातला कापूस विकला, असं सांगतात. नेहमीच्या व्यापारापेक्षा वर सात-आठ कोटी पौंड त्या चार-पाच वर्षांत मुंबईत आले, असा अंदाज त्या काळावर लिहिणारे देतात. गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचें वर्णन' हे मराठीतलं या शहराचं पहिलं मोठं वर्णन १८६३ चं, म्हणजे ऐन याच धामधुमीतलं.

आता माणसाच्या हातात अचानक पैसा आला की तो काय करतो? आपण काय करतो तेच: "कुठेतरी लावू या." आणि लावायला जागा तयार करणारे लोक लगेच हजर होतात. १८६५ उजाडेपर्यंत मुंबईत ३१ बँका, १६ 'फायनान्शियल असोसिएशन' आणि जमीन तयार करणाऱ्या ८ कंपन्या होत्या. या जमीन कंपन्या आपल्या कथेतली मुख्य पात्रं.

विकत घेतला समुद्र

गिरगावच्या किनाऱ्यापासून कुलाब्यापर्यंतचा जो पश्चिमेचा बाक आहे, त्याला म्हणतात बॅक बे. तिथलं पाणी उथळ. त्यात भराव घालायचा, रेल्वेला वाट काढून द्यायची आणि उरलेल्या जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे, अशी कल्पना. त्यासाठी बॅक बे रेक्लमेशन कंपनी निघाली.

ही कल्पना वेडगळ होती का? मुळीच नाही. कापसाला गोदामं हवी होती, गासड्या दाबायला प्रेस हव्या होत्या, पेढ्यांना कचेऱ्या हव्या होत्या. बेट चिंचोळं, माणसं वाढलेली. जागेची गरज शंभर टक्के खरी होती. मोठ्या फसगतीच्या तळाशी बहुतेक वेळा अशी एक खरी गोष्ट असते, म्हणून तर शहाणी माणसंही तिच्यात सापडतात.

कंपनीच्या ज्या शेअरवर ५ हजार रुपये भरलेले होते, तो शेअर तेजीच्या शिखरावर ५० हजारांच्या आसपास गेला. मुंबई सरकारलाही त्यातले ४०० शेअर घ्यायचे होते. वरून परवानगी मिळाली नाही, तेव्हा ते लिलावात विकले. लोकांनी एकेका शेअरवर २५ हजारांहून अधिक जास्तीचे मोजले. अहो, ज्यात सरकारला रस, त्यात आपण मागे का राहायचं!

आता मला सांगा, हे लोक विकत काय घेत होते? त्या दिवशी तिथे जमीन नव्हती. पाणी होतं. प्लॉट नव्हता, इमारत नव्हती, भाडेकरू नव्हता, भाड्याचा एक पैसा येत नव्हता. उद्या भराव पडेल, परवा इमारत होईल, तेरवा कुणी व्यापारी येईल आणि तेव्हाही कापूस आजच्याच भावानं विकत असेल, इतक्या 'जर'च्या माळेवर ५ हजाराचे ५० हजार झाले होते.

वर हे पैसे सगळे स्वतःचे होते असंही नाही. १८६३ च्या नव्या कायद्यानं बँक ऑफ बॉम्बेवरचे जुने निर्बंध सैल झाले, शेअरच्या तारणावर कर्ज देता येऊ लागलं. शेअर ठेवायचा, कर्ज काढायचं, त्यातून दुसरा शेअर घ्यायचा, तो ठेवून तिसरा. प्रेमचंद रायचंद या सर्वांत मोठ्या दलालाचा शब्द बँकेत चालत असे. शिवाय वायद्याचे सौदे: आज भाव ठरवायचा, पैसे पुढे द्यायचे. असे कितीतरी सौदे १ जुलै १८६५ या एकाच तारखेला पुरे व्हायचे होते.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं. बातमी मुंबईत आली आणि कापूस कोसळला. मे महिन्यापासून पेढ्या बसायला लागल्या. १ जुलै उजाडला तेव्हा घेणाराही पैसे देऊ शकत नव्हता आणि देणाराही. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो ८७ वर आला. पुढे १८६८ मध्ये ती बँकच गुंडाळली गेली. बॅक बेच्या शेअरवर तर भरलेले पैसेही निघेनात. दिनशा वाच्छा यांनी १९१० मध्ये या सगळ्यावर एक पुस्तकच लिहिलं. ज्यांना इंग्रजी जमतं त्यांनी जरूर वाचावं.

मी एक आकडा नेहमी सांगतो. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८ लाख १६ हजार होती. १८७२ मध्ये ती भरली ६ लाख ४४ हजार. धंदा गेला तशी माणसं गेली. आता ज्यानं त्या काळात भाड्याच्या भरवशावर इमारत बांधली असेल, त्याचा विचार करा. त्याची इमारत जागेवर होती, दगड-विटा जागेवर होत्या, सातबारा म्हणा, कागद म्हणा, सगळं शाबूत. पण भाडं देणाराच गेला.

प्रेमचंद रायचंदही बुडाले, पण नंतर हळूहळू सावरले. तेजीच्या काळात त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालय आणि मनोऱ्यासाठी दिलेल्या ४ लाखांतून राजाबाई टॉवर उभा राहिला. त्या तेजीतलं जे टिकलं, त्यात एक असं की जे विकायला नव्हतंच!

त्याच शहरातलं दुसरं उदाहरण

आता कुणी म्हणेल, म्हणजे जागेत पैसे घालूच नयेत. थांबा. त्याच वर्षांत, त्याच शहरात, मैलभर अंतरावर काय चाललं होतं ते पण बघा.

टाउन हॉलच्या समोर एक मोकळं मैदान होतं, बॉम्बे ग्रीन. धुळीनं, कचऱ्यानं भरलेलं. पोलीस कमिशनर चार्ल्स फोर्जेट यांनी सुचवलं, की इथे मधोमध बाग आणि भोवती गोलाकार इमारती कराव्यात. पालिकेनं जमीन घेतली, प्लॉट पाडले, फायद्यात विकले आणि अट घातली की सगळ्यांचं दर्शनी रूप एकसारखं असेल, खाली कमानींची ओवरी असेल. इंग्रज व्यापारी पेढ्यांनी प्लॉट घेतले. त्या जागेला म्हणायचे एल्फिन्स्टन सर्कल, आजचं हॉर्निमन सर्कल. त्या इमारतींत आजही कचेऱ्या आहेत.

ते का टिकलं? टाउन हॉल समोर, कस्टम हाउस चालत जाण्याच्या अंतरावर, गोदी पलीकडे. ज्याला कचेरी हवी तो माणूस आधीच त्या रस्त्यावरून रोज जात होता. गिऱ्हाईक आधी आणि इमारत मागून आली. बॅक बेला इमारतीचं स्वप्न आधी आणि गिऱ्हाईक पुढे कधीतरी.

पूर्व किनाऱ्यावरच्या एल्फिन्स्टन लँड कंपनीचंही असंच. शेअरबाजाराच्या वादळात तीही हेलकावली, पण तिनं खरंच भराव घातला होता, धक्के बांधले होते, माल उतरत होता. सरकारनं १८७० च्या सुमारास तिची मिळकत विकत घेतली, १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट झाला आणि त्याच जमिनीवर १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक उभी राहिली.

पोर्ट ट्रस्टनं पुढे केलेलं बॅलार्ड इस्टेट तर मला फार आवडतं. अलेक्झांड्रा डॉक खणताना निघालेली माती-दगड टाकून २२ एकर जमीन केली, जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाकडून आराखडा घेतला, १९१४ ते १९१८ च्या दरम्यान ती वसाहत उभी केली. ट्रस्टनं जमीन विकली नाही, लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यानं दिली. जहाज कंपन्या, विमा कंपन्या आल्या, कारण गोदी पायाशी होती. भाडेपट्टा हा शब्दही इथे लिहून ठेवा. इमारत तुमची आणि जमीन दुसऱ्याची, असा प्रकार मुंबईत ठिकठिकाणी आहे. बांद्रा-कुर्ला संकुलातसुद्धा जमीन ८० वर्षांच्या पट्ट्यानं दिलेली आहे. गाळा घेताना विचारायचं: पट्टा किती वर्षांचा, किती उरली आणि नूतनीकरण कुणाच्या मर्जीवर?

भाडं गोठतं तेव्हा

१९३० च्या दशकात आपण फोर्टात आलो, तर सर फिरोजशहा मेहता रोडवर आणि आसपास देखण्या, भारदस्त इमारती उठताना दिसतात. न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची, लक्ष्मी विमा कंपनीची. विमा कंपन्या इमारती का बांधत होत्या? विमेदाराला पैसे द्यायचे पंचवीस-तीस वर्षांनी. तोवर दर महिन्याला थोडं थोडं, पण खात्रीनं येणारं उत्पन्न हवं. खाली आपली कचेरी, वरचे मजले भाड्यानं. व्यापारी जागेतल्या शहाण्या गुंतवणुकीचं हे जुनं रूप: किंमत दुप्पट होईल म्हणून नव्हे, तर भाडं येत राहील म्हणून बांधलेली इमारत.

पण दुसरं महायुद्ध आलं, फाळणी झाली, शहर भरून वाहायला लागलं, आणि १९४७ मध्ये मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली गेली, आणि घरांबरोबर दुकानं-कचेऱ्यांचीही. तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षं राहिला. भाडेकरूच्या बाजूनं बघितलं तर त्यानं लाखो कुटुंबांना शहरात टिकवलं, हे मान्यच करायला हवं. पण मालकाच्या बाजूनं? फोर्टातल्या मोक्याच्या गाळ्याचं भाडं चहाच्या बिलाएवढं झालं. मग दुरुस्ती कोण करणार? इमारती खंगल्या. आणि खऱ्या किमतीचा व्यवहार चोरवाटेनं व्हायला लागला. ती चोरवाट म्हणजे पगडी. भाडेकरू मालकाला एकरकमी पगडी देणार, जाताना नव्या भाडेकरूकडून घेणार आणि त्यातला हिस्सा पुन्हा मालकाला.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की भाडी अशी गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात एक फार महत्त्वाचं कलम आहे. बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या, परदेशी वकिलाती, आणि १ कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना जुन्या भाड्याचं संरक्षण राहिलं नाही. एका रात्रीत फोर्टातल्या कितीतरी मजल्यांचं गणित बदललं. इमारत तीच, लिफ्ट तीच, भाडेकरूही तोच. फक्त कायदा बदलला.

म्हणून व्यापारी जागा घेताना तुम्ही भिंतींबरोबर करारही घेत असता. आज आपल्याकडे 'लिव्ह अँड लायसन्स' चालतं. तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, नाहीतर वाद झाल्यावर भाडेकरू सांगेल ते ग्राह्य धरलं जातं. कराराची मुदत, भाडेवाढ किती वर्षांनी किती टक्के, किती महिने तो सोडून जाऊ शकत नाही, अनामत किती, मालमत्ता कर कुणी भरायचा, हे सगळं वाचल्याशिवाय सही नाही.

नरिमन पॉइंटची गोष्ट

बॅक बेचा समुद्र लोकांना सोडेना. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी सरकारी खर्चानं तीच योजना पुन्हा काढली. आठ भाग भरायचे होते, चारच झाले. खर्च फुगला, ड्रेझरनं टाकलेला गाळ वाहून जायला लागला, आणि तोवर युद्धानंतरची तेजीही ओसरली. खुर्शेद नरिमन यांनी या कारभाराची लक्तरं वेशीवर टांगली. लोक योजनेला 'लॉइडचा मूर्खपणा' म्हणू लागले. गंमत बघा, स्वातंत्र्यानंतर त्याच किनाऱ्यावर पुन्हा भराव पडला, तिथे कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले आणि त्या जागेला नाव दिलं गेलं याच नरिमनांचं!

१९७० च्या दशकात एक्स्प्रेस टॉवर्स, एअर इंडियाची इमारत. १९९५ च्या आसपास नरिमन पॉइंटच्या कचेऱ्या जगातल्या सर्वांत महागड्यांत मोजल्या जात. तेव्हा तिथे गाळा असणं म्हणजे सोन्याची कोंबडी. मग बाजार उतरला. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शहराचं केंद्रच सरकायला लागलं. ऑफिसात येणारी माणसं राहायला गेली होती बोरिवलीला, ठाण्याला, मुलुंडला. कंपन्यांना मोठे सलग मजले हवे होते, पार्किंग हवं होतं. बांद्रा-कुर्ला संकुल तयार होत गेलं, परळच्या गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या झाल्या. बँका, कंपन्या उत्तरेकडे निघाल्या. नरिमन पॉइंट ओस पडला असं नाही, पण राजाचा मान गेला. एअर इंडियाची इमारत घ्यायला शेवटी २०२३ मध्ये राज्य सरकारनं मंजुरी दिली, १,६०१ कोटींना, मंत्रालयाला जागा पुरत नाही म्हणून.

तेव्हा "मोक्याची जागा कधी पडत नाही" असं जेव्हा एजंट म्हणेल, तेव्हा मनात म्हणा, नरिमन पॉइंट. जागा जिथल्या तिथे राहते, मोका मात्र चालत असतो. रस्ता कुठे होतोय, मेट्रो कुठून जातेय, माणसं राहायला कुठे चालली आहेत, हे बघणं म्हणजे मोक्याच्या पाऊलखुणा बघणं.

मामांचा गाळा

आता घरातलं सांगतो. माझे मामा २००७ मध्ये निवृत्त झाले. मॉलची लाट होती. पुण्याच्या एका उपनगरात मॉल बांधला जात होता, त्यात दुसऱ्या मजल्यावर मामांनी छोटासा गाळा बुक केला. मला न विचारता, एजंटला विचारून! "खात्रीचा परतावा, वर्षाला १२ टक्के" असं माहितीपत्रकावर छापलेलं होतं. मामी म्हणाली, "अहो, बँक इतकं देत नाही, हा कुठून देणार?" मामा म्हणाले, "तुला धंद्यातलं काय कळतंय!"

दीड वर्ष चेक आले. मग थांबले. नंतर कळलं, की ते चेक भाड्यातून येतच नव्हते, मामांनी दिलेल्या पैशांतूनच थोडे थोडे परत येत होते. मॉल उघडला, पण गाळे शे-दोनशे जणांना सुटे विकलेले. कुणी चपला विकायला ठेवल्या, कुणी मोबाइल, कुणी नुसतंच कुलूप. कुठल्या मजल्यावर काय असावं हे ठरवणारं कुणी नाही. लोक तळमजल्यावरून परत जायचे. चार वर्षांत सरकते जिने बंद पडले. गाळा अजून मामांच्या नावावर आहे. देखभाल खर्च आणि मालमत्ता कर ते अजून भरतात. घेणारा कुणी नाही.

मामा मूर्ख नव्हते. आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवलेला माणूस. पण त्यांनी जागा बघितली, दर बघितला, परताव्याचा आकडा बघितला. दुसऱ्या मजल्यावर गिऱ्हाईक कशाला चढेल, हा एक प्रश्न विचारला नाही. मामीनं विचारलेला प्रश्न खरं तर हाच होता. १८६४ च्या मुंबईतही तो कुणीतरी विचारला असेलच, आणि त्यालाही असंच गप्प केलं असेल.

आजचे नियम आणि जुनी आठवण

आता लहान गुंतवणूकदारासाठी एक नवा मार्ग आहे, रीट. अनेकांचे पैसे एकत्र करून मोठ्या तयार इमारती घ्यायच्या, भाडं वाटून द्यायचं, आणि युनिट शेअरबाजारात विकता-घेता येतं. सेबीनं २०१४ मध्ये नियम केले, २०१९ मध्ये देशातला पहिला रीट बाजारात नोंदला गेला. सुरुवातीला किमान २ लाख लागत, २०२१ मध्ये ती अट फार खाली आणली. आज एक युनिट काही शे रुपयांना मिळतं.

नियम काय सांगतात बघा. किमान ८० टक्के मालमत्ता बांधून पूर्ण झालेली आणि भाडं देणारी हवी. वाटण्याजोग्या रोख रकमेपैकी किमान ९० टक्के वाटली पाहिजे. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला बॅक बेच आठवली. जणू त्या वेळी बुडालेल्यांपैकी कुणीतरी येऊन हा नियम लिहून गेलाय: समुद्र विकायचा नाही!

२०२४ मध्ये लहान आणि मध्यम रीटचेही नियम आले. त्यात किमान १० लाख लागतात. पूर्वी काही लोक ऑनलाइन मंचांवरून इमारतीचे तुकडे विकत, त्याला आता चौकट मिळाली.

पण नियम म्हणजे विमा नव्हे. रीटच्या युनिटचा भाव खाली-वर होतो. करोनात कचेऱ्या ओस पडल्या तेव्हा सगळ्यांनाच घाम फुटला होता. शेवटी तिथेही भाडं येतं ते कुणाच्या तरी धंद्यातूनच.

तर ताई, तुमच्या प्रश्नाकडे येतो. गाळा घ्या किंवा घेऊ नका, हे मी सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण घ्यायच्या आधी एका कामाच्या दिवशी आणि एका रविवारी त्या जागेसमोर दोन-दोन तास उभ्या राहा. किती माणसं जातात, किती आत शिरतात, शेजारची किती शटर बंद आहेत, मोजा. जो भाडेकरू येणार आहे त्याचा धंदा काय, आणि एवढं भाडं देऊन त्याला काही उरेल का, हे वहीत मांडा. करार आणि भोगवटा प्रमाणपत्र वकिलाला दाखवा. सहा महिने गाळा रिकामा राहिला तर घर कशावर चालेल, तेही लिहा. आणि सगळी रक्कम एकाच शटरमागे ठेवू नका. हे करून झाल्यावर मन 'हो' म्हणत असेल, तर मुलाला सांगा घेऊ या. जागेचा भाव विचारायला कुणीही शिकवतं. भाडेकरूची विचारपूस करायला शिका, एवढंच मुंबईचा इतिहास सांगतो.



श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: गाळ्यासाठी कर्ज काढावं का?*

साधा हिशेब करा. भाडं सात टक्के आणि कर्जाचा दर दहा असेल, तर मधले तीन टक्के दर वर्षी तुमच्या खिशातून जातील, आणि ते का, तर किंमत वाढेल या आशेवर. ती आशा खरी ठरेलही. पण १८६५ मध्ये जे उद्ध्वस्त झाले ते बहुतेक कर्जावर खेळणारे होते. स्वतःच्या पैशानं चुकलेला माणूस थांबून राहू शकतो. कर्जवाल्याला थांबता येत नाही.

*प्रश्न: तयार गाळा घ्यावा की बांधकाम चालू असलेला? चालूमधला स्वस्त पडतो.*

स्वस्त का पडतो, तेच तर तासभर सांगत होतो! मधल्या वर्षांत भाडं नाही, आणि चालू बांधकामावर जीएसटी लागतो, पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या जागेवर तो लागत नाही. तरी घ्यायचाच असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी बघा. ती व्यापारी प्रकल्पांनाही लागते. आणि भाव कारपेट क्षेत्रफळावर काढा. सुपर बिल्ट-अपमध्ये जिन्याचेही पैसे तुमच्याकडून घेतलेले असतात.

*प्रश्न: पगडीचा गाळा खूप कमी किमतीत मिळतोय. घ्यावा का?*

पगडी घेणं-देणं आता कायद्यानं मान्य आहे. पण तिथे तुम्ही मालक होत नाही, भाडेकरू होता, हे विसरू नका. इमारतीची अवस्था, पुनर्विकासात तुमचा हक्क काय, मालकाची लेखी संमती आहे का, एवढं आधी बघा. स्वतः दुकान चालवणार असाल तर विचार करण्यासारखं आहे. बसल्या जागी भाडं खायचं म्हणून घेत असाल, तर मी दोनदा विचार करीन.